हात बसेपर्यंत

वारा वीसच्या वर गेला की क्रेन थांबते.
ग्दिनियाच्या बंदरात जानेवारीत तो रोजच जातो.
मग आम्ही खालच्या खोलीत बसतो,
ओले हातमोजे हीटरवर, चहात रासबेरीचा पाक,
आणि यागोदा, वय तेवीस,
माझ्यानंतर ही क्रेन जिची होणार,
खिशातून काढते एक चपटी डबी,
आठ रंगांची.

"बस, बोगुशा. आज तुझे डोळे."

बत्तीस वर्षं मी बेचाळीस मीटरवरून
तीस टनांचा कंटेनर
बशीत कप ठेवावा तसा ठेवते.
खाली उभा असलेला लेशेक वर बघतही नाही,
इतका भरवसा.
आणि इथे काडीएवढा ब्रश,
टोकावर चिमूटभर राखाडी,
आणि माझा हात लटलटतोय
वर्गात पहिल्यांदा नाव सांगणाऱ्या पोरीसारखा.

"मागून धर, पेन्सिल नाही ती.
आधी झटक. फुंकर नको, झटक.
आणि डोळा मिटू नकोस, सरळ बघ आरशात.
तुझी पापणी आता घडीत जाते,
मिटल्या डोळ्यावर लावलेलं सगळं
उघडल्यावर गिळून टाकते ती.
घडीच्या वर लाव. अजून वर. घाबरतेस काय?"

आईकडे एकच रंग होता, निळा.
मासे डब्यात भरायच्या कारखान्यात होती ती.
आठ मार्चला बायकांना एक फूल आणि मोज्यांचा जोड मिळायचा,
त्या सकाळी करंगळी जिभेला लावून
दोन फटकाऱ्यांत ती निळा ओढायची,
आरशाशिवाय.
दिवसभर अंगाला हेरिंगचा वास
आणि पापण्यांवर आभाळ.
तिचा हात कसा बसला, मी कधी विचारलं नाही.

गुरुवारी एकटीने लावला. जांभळा.
बाहेरच्या कोपऱ्याला गडद, मग पसरवत पसरवत,
पसरवता पसरवता गालावर आला.
ट्रॉलीबसमध्ये समोरच्या बाईने
माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर,
मग पुन्हा माझ्याकडे.
उतरताना माझ्या मुठीत चिठ्ठी कोंबली.
एक फोन नंबर. खाली लिहिलेलं:
रात्रीही उचलतात.

यागोदा हसून हसून बाकावर आडवी झाली.
मीही हसले.
मग चहा ओतायला उठले
आणि कप भरून टेबलावर वाहू लागला तरी
ओततच राहिले.

एकोणीस वर्षं उशिरा आली चिठ्ठी.

तेव्हा मला झाकता यायचं.
जांभळ्यावर पिवळा, लालवर हिरवट,
त्यावर कातडीचा, बोटाने थोपटत, घासायचं नाही,
पाच मिनिटांत, पोरगा जागा व्हायच्या आत.
छान बसला होता हात.
कामावर कुणाच्या काही डोळ्यांवर आलं नाही,
आणि ज्यांच्या आलं
त्यांनी हवामानाबद्दल विचारलं.

मी हे सगळं बोलले की नाही, आठवत नाही.
यागोदाने टेबल पुसलं.
मग कापूस ओला करून माझा गाल पुसला,
जरा जास्तच वेळ.
"जांभळा तुला शोभत नाही," म्हणाली,
"शेवाळी घेऊ."

आज वारा अकरा.
लिफ्ट वर जाताना नेहमीसारखी कुरकुरली.
डाव्या डोळ्यावरचा रंग उजव्यापेक्षा
रेसभर वर गेलाय, घरीच दिसलं होतं,
कापूस हाताशी होता.
राहू दिला.

रेडिओवर लेशेक: डावीकडे. अजून. अजून थोडं. बस.
डबा टेकला, आवाज न करता.
इथे वर कोण बघणार आहे?
काचेपलीकडे एक कुरव पक्षी येऊन बसला,
त्याच्या डोळ्याभोवती बारीक पिवळी कड,
एका दमात ओढलेली.
तो मान वाकडी करून बघत राहिला.
मीही डोळा मिटला नाही.

"बोगुशा, झोपलीस का?"
नाही रे. पाठव पुढचा.