प्रवासाचे कारण

लॉगबुकात शेवटचा रकाना असतो: प्रवासाचे कारण.
रुंदी माझ्या दोन बोटांएवढी.
अठरा वर्षं मी त्यात विद्यापीठ कोंबतो आहे.

सोमवारी लिहिलं: बटाटे.
म्हणजे प्राध्यापक इल्दा चोकेवांका आणि तिची पोरं
चार हजार मीटर उंचीवर, दात वाजवत,
एका म्हातारीच्या कोठारापुढे उकिडवी बसलेली,
आणि ती एकेक बटाटा उचलून ओळख करून देते आहे,
सोयरिकीला आलेल्यांना घरातली माणसं दाखवावीत तशी:
हा पुमाचा पंजा. हा सुनेला रडवणारा,
याचं साल काढता काढता सून माहेरी निघते.
पोरं वहीत उतरवण्याआधी
नाव तोंडात घोळवून बघतात.

बुधवारी: दात.
टपावर खुर्ची आडवी बांधून नेली, शाळेच्या अंगणात मांडली.
एक पोरगा कुंपणावरून पळाला, त्याला धरायला मीच धावलो.
हे कारणात बसत नाही.

कायद्याचा रेमिखियो, उसन्या टायमधला,
एका विधवेचा जमिनीचा अर्ज
माझ्या गाडीच्या बॉनेटवर लिहितो.
खाली इंजिनाची ऊब असते,
म्हणून शाई गोठत नाही.

आणि भाषेवाले.
ज्या आयमारासाठी मास्तरांनी मला उन्हात उभं केलं
तिचे आता गुण मिळतात.
माझ्या आईपुढे यंत्र ठेवून बसले,
तिने कोल्ह्याची एकच गोष्ट तीन शेवटांनी सांगितली.
त्यांना वाटलं, मोठं घबाड.
मला ठाऊक होतं, ती विसरते हल्ली.

ऑगस्टात लिहिलं: पाणी.
एक्केचाळीस विहिरी, एक्केचाळीस बाटल्या.
सहावी आमच्या घरची.
दोर मीच सोडला होता.

तीन आठवड्यांनी निकाल घेऊन यानेत तुर्पो आली,
अरेकिपाची, बावीस वर्षांची, गावची भाषा न येणारी.
अंगणात बसून स्पॅनिशमध्ये म्हणाली: आर्सेनिक.
मग आकडा. मग चालतो तो आकडा,
याच्यापेक्षा पुष्कळ लहान.
आईने माझ्याकडे पाहिलं.

पाण्याला आमच्यात उमा म्हणतात.
पिण्याचा शब्दही तिच्याच पोटचा.
आर्सेनिकला काही म्हणत नाहीत.
मी म्हणालो, खालच्या दगडातून काहीतरी उतरतंय,
त्याला चव नाही.

केव्हापासून? आईने विचारलं.
यानेतने कागद उलटला. मागची बाजू कोरी.
म्हणाली, माहीत नाही. कदाचित पहिल्यापासूनच.
एवढंसं वाक्य,
पण या तीरावरून त्या तीरावर नेताना
माझे हात भरून आले.

आई बापाच्या तळव्यांबद्दल काही बोलली नाही,
ते काळे ठिपके, ती साल.
एवढंच म्हणाली:
मग ही पोरगी आधी का नाही आली?
ती जन्मली नव्हती, मी म्हणालो.
यानेतला काही सांगितलं नाही.

चुन्योचं सूप पुढ्यात होतं, वाफाळतं.
कुठल्या पाण्याचं, ते तिघांनाही माहीत.
पोरीने तरी चमचा उचलला.
आईनेच वाडगा ओढून घेतला, भिंतीपलीकडे रिता केला,
आणि भाजलेले घेवड्याचे दाणे
कोरडे, मूठ मूठ,
तिच्या ओंजळीत ओतत राहिली.

मग इंजिनिअरिंगवाल्यांनी वाळूचा फिल्टर बसवला.
पहिला गळला. दुसरा उलटा जोडला.
आई त्यांना आयमारात शिव्या देते,
भाषेवाले त्याही टिपून घेतात.

त्या संध्याकाळी रकान्यात 'पाणी' लिहिल्यावर जागा उरली नाही,
म्हणून समासात लिहिलं: आई.
हिशेबखात्याच्या अबार्कासाहेबांनी
तांबड्या पेनाने गोल काढलाय:
खाजगी काम?

उत्तर अजून दिलं नाही.
काल पुन्हा तिकडेच गेलो होतो,
वाळूची चार पोती, आणि मागे झोपलेली यानेत.