विश्वस्त शुल्क

दरवर्षी एकतीस मार्चच्या आत
मूळ तीन हजार, वर अठरा टक्के.
अमळनेरच्या शाखेत भदाणे मॅडम
पंख्याखाली पावती फाडतात,
कागद उडू नयेत म्हणून त्यांवर
कुणाचं तरी किल्ली हरवलेलं कुलूप.

आप्पांनी घर बँकेच्या हवाली केलं,
भावकीवर भरवसा नाही म्हणून,
आणि बहुतेक माझ्यावरही.
कागदोपत्री बँक विश्वस्त, मी लाभार्थी.
नागरिकत्वाच्या रकान्यात
दुसराच देश, माझ्याच सुवाच्य अक्षरात.

एरवी पैसे तिकडूनच पाठवते.
यंदा स्वतः आले
तर पावतीसोबत पाहणीचा अहवाल हातात:
छत ठीक. नळ बंद. ओट्याची एक फरशी हलते.
गच्चीवर शेजारच्या बायका
बिबड्या वाळत घालतात.
हरकत?

दोरीला बांधलेलं पेन
माझ्यापर्यंत पोचेना.
रांगेतली पेन्शनवाली म्हातारी
चष्मा वर करून बघत राहिली:
"तू कोनी पोर शे वं?"

एवढे फॉर्म भरले आजवर,
हे कुणी विचारलं नव्हतं.
आप्पांचं नाव सांगितलं.
"मंग उघाड ना घर, माय!"

किल्ली तिजोरीत. अर्ज करा, तीन दिवस लागतील.
माझं विमान परवा.

हरकतीपुढे लिहिलं, नाही.
आणि खाली, बारीक,
चार बिबड्या माझ्यासाठी ठेवाव्यात.

असं लिहिता येत नाही,
भदाणे मॅडम म्हणाल्या.
खोडलं मात्र नाही त्यांनी.
शिक्का मारला
जरा बाजूला सरकवून.