काज

तुल्चामध्ये, डॅन्यूबला फाटे फुटतात तिथे,
चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत लोणच्याच्या बरण्यांमागे
स्मारांदाबाईंची अँटेना उभी आहे.
नातवाने बसवली, होरियाने,
कपडे वाळत घालायच्या काठीला तारेने आवळून.
आजी, शेजाऱ्यांची मांजरं मोजण्यापेक्षा हे बरं, म्हणाला
आणि ब्रेमेनच्या बसमध्ये बसून गेला.

तीस वर्षं त्यांनी गणवेश शिवले.
कुणाचे, ते विचारायचं नव्हतं.
मापांची वही अजून तीच,
छाती, कंबर, बाही असे छापील रकाने.
छातीच्या रकान्यात आता उंची,
कंबरेच्या जागी वेग,
बाहीत दिशा.
सव्वीस हजार फूट. चारशे दहा. पूर्वेकडे.
कापड पुरतंय.

दुपारी इंधनवाहू विमान येतं
आणि समुद्रावर लांबट गोल घालत राहतं,
गोलावर गोल, गोलावर गोल,
चार तास.
पहिल्याच दिवशी त्या स्वतःशी म्हणाल्या, हे तर काज.
कडा उसवू नये म्हणून दोऱ्यावर दोरा.
मग खालून बटणं येतात,
दोन दोन, तहानलेली,
क्षणभर अडकतात
आणि पडद्यावरून नाहीशी होतात.
कुठे जातात ते पडदा सांगत नाही.
आतून कुणीतरी कळ बंद करतं.

खालच्या मजल्यावरचा येवदोकिम मासे धरतो.
जिन्यात भेटला की विचारतो, आज वर गर्दी आहे का?
जणू मंडईचं विचारतोय.
तेलवाला एकटाच आहे, त्या सांगतात.
एकदा त्यांनी जाऊ नको म्हटलं होतं.
तो गेला, काहीच झालं नाही,
मोठा कार्प मिळाला, अर्धा यांना दिला.
तेव्हापासून त्या अंदाज सांगत नाहीत,
फक्त आकडे.

मंगळवारी रात्री झोप येईना.
पडदा स्वच्छ होता,
एक मालवाहू इस्तंबूलकडे, बस्स.
चष्मा काढून त्या दिवा घालवणार
इतक्यात कपाटातल्या सहा पेल्यांपैकी
एक दुसऱ्याला लागला.
मग सगळेच.
आवाज ओळखीचा नव्हता. घरघरही नाही,
पाण्यापलीकडे कुणी जाड कॅनव्हास
एका झटक्यात टरकावला असावा, तसा.

पडद्यावर काही नाही.
नकाशा नुसता निळा, नदी नुसती नदी.

त्यांनी वही उघडली.
छाती रिकामी.
कंबर रिकामी.
बाहीपाशी पेन जरा थांबलं,
मग समासात लिहिलं:
तीन बारा. पेले.

होरियाला फोन करावा का?
तिकडे दोन वाजून गेले असतील,
त्याला सकाळची पाळी. नको.
त्यांनी पेले एकेक करून उतरवले,
मधे मधे जुन्या अस्तराच्या चिंध्या घातल्या
आणि पुन्हा होते तसे रचले.

खाली येवदोकिमच्या खिडकीत दिवा लागला होता.
सकाळी जिन्यात त्याने
काही विचारलं नाही.