समास

वाचनालयाचा मी सायकलवाला, मोतीराम.
दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, परत.
कापडी पिशवीत पंधरा पुस्तकं,
उन्हाळ्यात हँडल असं तापतं
की धरायला रुमाल लागतो.

त्यातलं एक, दाखल क्रमांक तेवीसशे चौदा.
पुठ्ठा गेलेला, पहिली सोळा पानंही,
त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नाही.
बायका म्हणतात, 'ती सुनंदावाली दे रे.'
सुनंदा घर सोडते पान एकशे चारवर,
आणि पुढची दीडशे पानं
परतावं की नाही, याचाच घोळ.

दोन घरांत ती फार वाचली गेली.
इकडे कालिंदीबाई गुप्ते,
तिकडे त्यांची धाकटी जाऊ, मृदुला.
सासूच्या तेराव्यानंतर बोलणं बंद. अकरा वर्षं.
मुंजीची पत्रिकासुद्धा पोस्टानं,
आणि मधलं अंतर सायकलनं सात मिनिटं.

आधी लिहिलं थोरलीनं, शिसपेन्सिलीनं:
'हिने माघारी यायला हवं होतं.'
पुढच्या खेपेला त्याखाली, तिरकं, बारीक:
'दार कोण उघडणार होतं?'
मग, 'ढकलून तरी बघायचं.'
मग, 'सांगणं सोपं असतं.'
बिचारी सुनंदा. ती छापलेली, तिला कुठे
मधे बोलता येत होतं?

मी नववी नापास. पण मास्तरांचं एक आठवतं:
दोन शब्द जवळ आले, मधला 'आणि' गळाला,
की समास. आईबाप. मीठभाकर.
या प्रकाराचं नाव द्वंद्व.
भांडणालाही तोच शब्द कसा, मी विचारलं,
तर छडी मिळाली.
पानाच्या कडेच्या कोऱ्या पट्टीलाही समासच म्हणतात,
हे इथं नोकरीला लागल्यावर कळलं.

चिटणीस म्हणाले, कोण लिहितंय हे? खोडून टाक.
मी खोडरबर घेतला, खिशात ठेवला,
आणि नंबर लावलेले वाचक डावलून
पुस्तक त्याच दोन दारांत फिरवत राहिलो.
हा गुन्हा आहे. मान्य.

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी,
मांज्यापासून गळा वाचवत निघालो होतो.
एकशे बाराव्या पानावर थोरलीचं अक्षर,
पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या पानावर उमटली:
'त्या रात्री आईंनी हाक मारली.
तू खरंच झोपली होतीस?'

सुनंदाला तर सासूच नव्हती.

पुस्तक आठ महिने परत आलं नाही.
दंड चढत गेला. मी दारात उभा राहायचो,
मृदुलाबाई म्हणायच्या, 'वाचून व्हायचंय.'
नवरात्राचे मंडप बांधत होते तेव्हा
त्यांनी ते पिशवीत टाकलं, माझ्याकडे न बघता.
सूरसागरच्या कठड्याशी थांबून मी उघडलं.
उघडायला नको होतं.
'जागी होते. उठले नाही.
थकले होते, वहिनी.'

मग सायकलवर बसवेना. हातात धरून चालत गेलो.

कालिंदीबाईंनी दारातच ते पान काढलं.
चष्मा नव्हता, तरी वाचलं.
'थांब' म्हणाल्या. आत गेल्या.
बराच वेळ डब्याचं झाकण त्यांना लागत नव्हतं,
मला बाहेर ऐकू येत होतं.
लीलो चिवडा. 'हा तिकडे दे.'
काही निरोप?
'डाळ कमी घातलीय म्हणावं.
दात दुखायचे तिचे.'

रजिस्टरात मी लिहिलं: तेवीसशे चौदा, जीर्ण, रद्द.
पुस्तक कुठे आहे, ते चिटणिसांनी विचारलं नाही.
खोडरबर अजून खिशात आहे.

रात्री घरी आलो. बायको भाकऱ्या थापत होती,
पाठ माझ्याकडे.
परवापासून ती कमी बोलते,
का, ते मी विचारलेलं नाही.
आमच्या घरात पुस्तक नाही.
ताट आलं. भाकरी, आणि कडेला चिमूटभर मीठ.
मधला 'आणि' कसा गाळायचा
ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं.