दोन गुण

सायकली ठेवायला जागा दाखवली तर दोन गुण.
तक्त्यात तसं लिहिलंच होतं,
म्हणून पाषाणच्या त्या प्लॉटवर
मी अठ्ठावीस सायकलींचा स्टँड काढला,
लिफ्टच्या मागे, जिथे कुणाची गाडी वळली नसती.
पावसाचं पाणी साठवलं : चार.
कमी पाण्याचे नळ : तीन.
पश्चिमेला हिरवट, दुहेरी काच : पाच.
ओस्तवाल ओळीओळीवर बोट ठेवून बेरीज करायचे,
बारावीच्या मुलाच्या बापासारखे.

माझे वडील खडकीच्या कारखान्यात
तेवीस वर्षं सायकलने गेले, पँटला क्लिप लावून.
त्यांना कुणी गुण दिले नाहीत.
चेनचं काळं वंगण मिळालं,
आणि ते धुताना आईची बोलणी.

प्लॉटवर एक उंबर होता.
नकाशात झाड म्हणजे वर्तुळ,
आत चार नागमोडी रेषा.
एका क्लिकने उगवतं,
एका क्लिकने जातं.
मी ते ठेवलं. जिना साडेचार फूट सरकवला.
बी विंगच्या एका बाजूच्या सगळ्या बेडरूम
तिरक्या झाल्या, कपाट बसेना,
ओस्तवाल तीन दिवस फोन उचलेनात.
चौथ्या दिवशी माहितीपत्रकावर उंबर छापून आला,
त्याच्याखाली एक गोरी बाई
डोळे मिटून बसलेली.

राहिली फक्त जिन्याची भिंत.
तोवर पैसे संपले होते.
हणमंतू गवंडी म्हणाला, विटा उरल्यात बाई,
एकाआड एक लावू का?
मी दुसऱ्या साइटच्या फोनवर होते.
हातानेच सांगितलं, लाव.

सहा वर्षांनी सोसायटीचं पत्र आलं.
विषय : उंबराबाबत.
फळं पडतात. गाड्यांवर डाग. चिलटं.
रात्री वटवाघळं.
दत्ताचं झाड असल्याने सभासद पुढे येण्यास नाखूश,
तरी आर्किटेक्ट या नात्याने आपण सही करावी.
कळावे, लोभ असावा.

गेले. मे महिना, दुपारचे तीन.
पश्चिमेच्या काचांना आतून जाड पडदे
आणि पडद्यांमागे दिवसाढवळ्या दिवे.
काचेखाली फरशीवर तांबट पडला होता,
मान वळलेली.
वॉचमनने सुपलीत घेतला. म्हणाला,
महिन्याला दोन-तीन तरी.
सायकल स्टँडमध्ये फुटका कमोड, थर्माकोलचं मखर,
आणि एकच छोटी गुलाबी सायकल,
दोन्ही चाकांत हवा नाही.

लिफ्ट बंद होती, म्हणून जिना चढले.
दुसऱ्या मजल्यावर
वारा.

उंबराखालून येणारा, विटांच्या भोकांतून,
ओला नाही, पण कुठेतरी
पाण्याच्या ओळखीचा.
पायऱ्यांवर उन्हाच्या चौकोनी चकत्या.
एक कुरिअरवाला पोरगा बॅग उशाला घेऊन झोपलेला,
तीन बायका लसूण सोलत होत्या.
एक जण सरकली.
मी कोण ते तिला माहीत नव्हतं.
बसा हो, म्हणाली, घरात नुसती भट्टी आहे.

बसले.
तक्ता मला अजून पाठ आहे.
वरून खाली आठवत गेले, मग खालून वर.
या भिंतीला रकाना नाही.

मीटिंगमध्ये चहा झाला, चिवडा झाला,
पत्र माझ्यापुढे सरकलं.
मी जिन्यातल्या वाऱ्याचं सांगू लागले
तर चेअरमन हसले :
मॅडम, जिना वापरतं कोण?
सही केली नाही.
माझ्या सहीवाचून अडणार नाही, हे
त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

हणमंतूचा नंबर लावून पाहिला.
एक मुलगी कानडीत काहीतरी म्हणाली
आणि फोन ठेवला.

आता सूसला नवीन काम आहे.
तोच तक्ता, नवी आवृत्ती.
विटा मी मोजून मागवत नाही हल्ली,
दोन-तीनशे जास्तच सांगते.
साहित्य वाया म्हणून
एक गुण जातो.