वीस हजारांची सर्व्हिस

जळगावच्या शोरूममध्ये एसी इतका
की बाहेरचे त्रेचाळीस अंश खोटे वाटावेत.
पोरगा यादी वाचतो :
इंजेक्टर सफाई, थ्रॉटल, एसीचं निर्जंतुकीकरण.
"रेकमेंडेड आहे, ताई."
कुणी केलंय, ते सांगत नाही.

खणातून पुस्तिका काढते,
अजून प्लास्टिकातली.
चाळीस हजारांपर्यंत यातलं काहीच नाही.

यावलच्या हुसनोद्दीन मिस्त्रीला फोन.
"गाडी काय म्हनते?"
काहीच नाही.
"मंग तू काहाले बोलून र्‍हायली?"

एकेक ओळ खोडत जाते.
ब्रेक ऑइलपाशी पेन थांबतं.
पुस्तिका नाही म्हणते,
पण शनिवारी कन्नडचा घाट आहे,
आणि मागच्या सीटवर
मृण्मयी झोपलेली असणार.

"हे उघडून दाखव. माझ्यासमोर."

पोरगा पहिल्यांदाच
खुर्चीवरून उठतो.