ताबा

एजंट म्हणाला, जानेवारीत करूया.
आई म्हणाली, पौष लागतोय, तो संपू दे.
बँकेतली बाई म्हणाली, मंजुरीची मुदत एकतीसला संपते,
पुढे व्याज वाढलं तर माझ्याकडे येऊ नका.

आणि विकणारे चौघे.
आवेलिनो कुडतरीत, त्याची बायको बेनिल्दा स्विंडनला,
अर्ध्या हिश्शावर तिची सही, इथला कायदाच तसा:
लग्न म्हणजे भिंतीतही भागीदारी.
लुद्विना कुवेतला. धाकटा रोमाल्दो तारवटी,
त्याचं जहाज मोम्बासाला अडकलेलं.
वर्षातून एकदाच ही माणसं एका छपराखाली येतात
आणि नेमकी तेव्हाच
हपिसांना कुलपं लागायला सुरुवात होते.

मी कॅलेंडर मांडीवर घेतलं.
एकोणीस, मुक्तिदिन.
वीस-एकवीस शनिवार-रविवार.
बावीसला सर्व्हर बंद राहणार, हे आधीच कळवलेलं.
तेवीसच्या रात्री लुद्विनाचं विमान.
सव्वीसपासून सब-रजिस्ट्रार रजेवर.
उरलं चोवीसचं एक टोकन,
अकरा चाळीस.

चोवीसला मडगावात गाडी लावायला जागा नाही.
केकचे खोके छातीशी धरून माणसं चाललेली,
आणि आम्ही विक्रीखत, तसंच धरून.
अकरा पस्तीसला रोमाल्दो आला, विमानतळावरून थेट,
बॅगेचा टॅगही काढलेला नाही.
भाऊ मिठी मारायला उठला,
कारकून म्हणाला, पॅन कार्ड.

लुद्विनाचा अंगठा मशीन वाचेना.
पुसला. ओला केला. पुन्हा ठेवला.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या फरशा घासून
त्यावरच्या रेषाच गेल्या होत्या.
कारकुनाला घरी जाऊन गोठा पुरा करायचा होता,
गवत मिळालं होतं, मेंढ्या राहिल्या होत्या.
दुसरं बोट, तो म्हणाला. बरं, त्याच्या शेजारचं.
शेवटी डावी करंगळी चालली.
करंगळीवर डोंगर उचलल्याची गोष्ट आम्हाला ठाऊक,
करंगळीवरून घर उतरताना
मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेर जिन्यात आवेलिनो म्हणाला,
बाय, किल्ली सात तारखेला दिली तर चालेल?
तीन राजांचं फेस्त झालं की लगेच.
वकीलबाई म्हणाली, ताबा आजच दिल्याचं लिहिलंय.
लिहिलेलं राहू दे, मी म्हटलं.
खरं सांगते, मला राग आला होता.
पडदे शिवून तयार होते,
भाड्याच्या खोलीत खोके छतापर्यंत रचलेले,
आणि ना म्हणायला जे तोंड लागतं
ते चोवीस डिसेंबरला
कुणाजवळ असतं?

पंचवीसला त्यांनी जेवायला बोलावलं.
आमच्याच घरात आम्ही पाहुणे:
बेबिंकेच्या थरांवरून माझी नजर
खिडकीखालच्या ओलीकडे सरके,
नवरा फ्यूजच्या पेटीकडे बघत दोदोल चघळत होता.
बेनिल्दा म्हणाली, घर तुमचंच आहे, मोकळेपणी बसा.
सगळे हसले,
एक क्षण उशिरा.
लुद्विना मात्र सैपाकघरातून बाहेर आलीच नाही.
आत भांडी घासल्याचा आवाज येत होता,
ती कुणाला हात लावू देत नव्हती.

सात तारखेला किल्ली आली
नेवऱ्यांच्या रिकाम्या डब्यात, तळाला थोडी पिठीसाखर.
आम्ही पोचलो तेव्हा घर झाडून पुसून लख्ख,
फक्त बाल्कांवात चांदणी लटकलेली,
आत दिवा चालू.
शिडी त्यांनी विकून टाकली होती.

आईने पौषात यायला नकार दिला.
चांदणी अजून तिथंच आहे.
आणि डिसेंबरचं वीजबिल नेमकं कुणी भरायचं,
यावर मी आणि आवेलिनो
अजून फोनवर फार सभ्यपणे बोलतो आहोत.